सीआरओ भंगारात काढण्याआधी व्हर्टिकल विभाग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शैक्षणिक वर्ष संपत आले की पॉलिटेक्निक, आयटीआय आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डेड स्टॉकची पडताळणी होते. निर्लेखनाच्या यादीत जुने सीआरओ, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर रेषेने दाखवणारे कॅथोड-रे ऑसिलोस्कोप, हमखास असतात. शेऱ्याच्या रकान्यात ‘व्हर्टिकल चालत नाही’ (व्हर्टिकल म्हणजे रेषा वर-खाली हलवणारा विभाग) किंवा ‘डिस्प्ले नाही’ एवढेच लिहिलेले असते आणि तेवढ्यावर २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा, चित्रनलिका उत्तम असलेला स्कोप किलोच्या भावाने जातो. हे पाहून फार वाईट वाटते, कारण अशा बहुतेक स्कोपमधला दोष एखाद्या ट्रान्झिस्टरचा, सुकलेल्या कॅपॅसिटरचा किंवा काळ्या पडलेल्या स्विचचा असतो.

माझी मागणी साधी आहे. कोणताही सीआरओ बाद करण्यापूर्वी शेऱ्यात पाच मोजमापे लिहिलेली असावीत: पॉवर सप्लायची प्रत्येक व्होल्टता, चित्रनलिकेतल्या रेषा वर-खाली ओढणाऱ्या दोन्ही उभ्या प्लेटांवरची व्होल्टता, प्लेटा एकमेकींना जोडल्यावर रेषा कुठे येते, प्रत्येक रेंजवर इनपुटचा रोध आणि कॅलिब्रेटरच्या (स्कोपमधल्याच ठरावीक लहर देणाऱ्या सर्किटच्या) चौकोनी लहरीची उंची. मल्टिमीटर आणि क्लिपवाल्या दोन वायरी एवढे साहित्य पुरते. ही मोजमापे कशी घ्यायची आणि त्यांतून दोष कसा सापडतो, ते प्रयोगशाळा साहाय्यकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी सुरक्षितता. झाकण काढलेल्या स्कोपमध्ये चित्रनलिकेच्या कॅथोडवर उणे दीड ते अडीच हजार व्होल्ट असतात, आणि नलिकेचा फिलामेंटही त्याच पातळीवर तरंगत असतो. ब्राइटनेस आणि फोकसच्या पोटेन्शिओमीटरना लांब प्लास्टिकचा दांडा दिलेला असतो तो याचसाठी. त्या भागात साधा मल्टिमीटर लावू नये, तो ६०० किंवा १००० व्होल्टपर्यंतचाच असतो. व्हर्टिकल विभागाच्या तपासणीत तिथे हात घालण्याची गरजही पडत नाही. क्लिप लावताना आणि काढताना स्कोप बंद करून प्लग उपसावा, काही मिनिटे थांबावे, मग चालू करून वाचन घ्यावे. चालू स्कोपमध्ये मोजताना एक हात खिशात किंवा पाठीशी.

‘डिस्प्ले नाही’ या शेऱ्यापासून सुरुवात करू. रेषा दिसत नाही याचा अर्थ ती तयार होत नाही असा नाही. पुष्कळदा ती पडद्याच्या वर किंवा खाली पळालेली असते. ट्रिगर ऑटोवर, दोन्ही पोझिशन नॉब मधोमध, इनपुटचा स्विच ग्राउंडवर आणि ब्राइटनेस थोडा वाढवलेला ठेवावा. बीम फाइंडचे (पळालेली रेषा आखडून पडद्यावर आणणारे) बटण असेल तर दाबावे. रेषा आखडून वरच्या किंवा खालच्या कडेला दिसली, तर नलिका, उच्च दाब आणि टाइमबेस (रेषा आडवी ओढणारा भाग) शाबूत आहेत. बिघाड व्हर्टिकल ॲम्प्लिफायरच्या समतोलात आहे. बटण नसेल तर एक्स-वाय (टाइमबेसशिवायचा मोड) लावून ठिपका शोधावा, पण तेजस्वी ठिपका एका जागी थांबू देऊ नये, फॉस्फर जळतो.

दुसरा प्रश्न: एकच चॅनेल बिघडला आहे की दोन्ही? सिग्नलचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा. बीएनसी (इनपुटचा सॉकेट), एसी-ग्राउंड-डीसी स्विच, ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक पटीने कमी करणारे विभाजक), एफईटीचा (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरचा) इनपुट, प्रीॲम्प्लिफायर, इथपर्यंत दोन्ही चॅनेल वेगळे. मग आळीपाळीने एकेक चॅनेल पुढे सोडणारे डायोडचे चॅनेल-गेट, तिथून पुढे सगळे सामाईक: वरच्या दर्जाच्या स्कोपमध्ये डिले लाइन (सिग्नल किंचित उशिरा पोचवणारी), शेवटचा ॲम्प्लिफायर आणि प्लेटा. एकच चॅनेल गेला असेल तर दोष गेटच्या अलीकडे, दोन्ही गेले असतील तर पलीकडे किंवा सप्लायमध्ये. सर्किट डायग्राम सापडत नाही म्हणून पुष्कळजण इथेच थांबतात. पण एक चॅनेल चांगला असेल तर तोच तुमचा सर्व्हिस मॅन्युअल आहे. दोन्ही चॅनेलच्या पाट्या (सर्किट बोर्ड) एकसारख्या असतात. सारख्या जागेवरच्या पिनांची व्होल्टता कागदावर दोन रकान्यांत लिहीत जा, जिथे दोन आकडे वेगळे होतील तिथे दोष जवळ आला.

तरीही पहिला मान सप्लायचा. प्रत्येक रेलची, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक ओळीची, व्होल्टता चॅसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) संदर्भाने मोजावी. १९७२ मध्ये आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५ या १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपमध्ये +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट अशा पाच रेल आहेत. लहान २० मेगाहर्ट्झच्या स्कोपमध्ये रेल कमी असतात, पण शेवटच्या ॲम्प्लिफायरसाठी शंभर व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त देणारी एक रेल बहुधा असतेच. एखादी रेल शून्यावर असेल तर स्कोप बंद करून त्या रेलचा चॅसिसशी रोध मोजावा. एक-दोन ओहम आला तर त्या जमान्यातल्या टँटलम कॅपॅसिटरवर आधी संशय घ्यावा. ते शॉर्ट होऊनच मरतात. एका रेलवर असे दहा-बारा असतात आणि एकेक उपसत बसलात तर पाटीचे ट्रॅक उखडतात. त्यापेक्षा प्रवाहमर्यादा असलेल्या सप्लायने अर्धा व्होल्ट, अर्धा ॲम्पिअर त्या रेलवर द्या आणि मिलिव्होल्टच्या रेंजवर ट्रॅकवरून पुढे सरकत जा. वाचन जिथे सगळ्यांत कमी, तिथला कॅपॅसिटर शॉर्ट. बदलताना १५ व्होल्टच्या रेलवर २० व्होल्टचा नको, ३५ व्होल्टचा टाका, आणि धन टोकाची खूण दोनदा पाहा.

रेल आहे पण रेषा लहरते, असेही असते. इनपुट ग्राउंडवर ठेवून टाइमबेस ५ मिलिसेकंदांवर घ्या, ट्रिगर लाइनवर. लहर स्थिर उभी राहिली तर ती मेन्समधूनच येते आहे. एक लहर पडद्यावरच्या दोन घरांत बसली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कॅपॅसिटर सुकले. चार घरांत बसली तर ५० हर्ट्झची: रेक्टिफायर ब्रिजचा एखादा डायोड उघडा पडला आहे किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र नलिकेपर्यंत पोचते आहे, कुणीतरी नलिकेभोवतीचे धातूचे कवच काढून परत बसवलेले नाही, असेही निघते. सुकलेला कॅपॅसिटर दर वेळी फुगलेला दिसत नाही आणि कपॅसिटी मीटरवर आकडाही ठीक येतो. वाढलेला असतो तो त्याचा अंतर्गत रोध. तो मोजणारा ईएसआर मीटर नसेल तर चांगला कॅपॅसिटर तात्पुरता समांतर लावून लहर कमी होते का ते पाहावे. नवा घालताना १०५ अंशांचाच घ्यावा.

सप्लाय ठीक असेल तर थेट शेवटाकडे, प्लेटांकडे जावे. रेषा मध्यावर असताना दोन्ही उभ्या प्लेटांवर जवळजवळ सारखी व्होल्टता हवी. आकडा नलिकेनुसार बदलतो, पण तो शेवटच्या ॲम्प्लिफायरच्या रेलपेक्षा बराच खाली असतो. पोझिशन नॉब फिरवला की एक वाढावी आणि दुसरी तेवढीच उतरावी. एक प्लेट रेलच्या पूर्ण व्होल्टतेला चिकटून बसली असेल, तर त्या बाजूच्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह जातच नाही. एक प्लेट खूप खाली असेल, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे किंवा कलेक्टरचा लोड रेझिस्टर उघडा पडला आहे. दोन्ही प्लेटा रेलला चिकटल्या असतील तर दोन ट्रान्झिस्टर एकदम गेले असे समजू नका, एमिटरकडचा सामाईक प्रवाहस्रोत किंवा ऋण रेल पाहा.

आता या सगळ्यातली सर्वांत उपयोगी कसोटी. स्कोप बंद करून दोन्ही उभ्या प्लेटा एका इन्सुलेटेड क्लिपने एकमेकींना जोडा. एकमेकींना, चॅसिसला कधीच नाही. चालू केल्यावर रेषा पडद्याच्या मध्याजवळ, फार तर अर्ध्या घराच्या फरकाने, आली पाहिजे. नाही आली तर नलिका किंवा प्लेटेची वायर पाहावी. आली, तर क्लिप एक टप्पा मागे न्या: शेवटच्या जोडीचे दोन बेस एकमेकांना जोडा. रेषा पुन्हा मध्यावर? मग त्याच्या मागच्या जोडीचे दोन कलेक्टर, मग दोन बेस. असे मागे मागे जाताना ज्या टप्प्यावर रेषा मध्यावर येणे थांबेल, दोष त्या टप्प्याच्या आणि आधीच्या यशस्वी टप्प्याच्या मध्ये आहे. व्हर्टिकल ॲम्प्लिफायर आरपार जोडीजोडीने बांधलेला असतो, डावा-उजवा सारखा, म्हणून ही युक्ती चालते. प्रॉस्पेक्टसमध्ये ज्या ‘फॉल्ट फाइंडिंग’चा उल्लेख असतो, त्याचा याहून चांगला धडा दुसरा नाही. विद्यार्थ्यांना तो प्रत्यक्ष करू द्यावा, मात्र शिक्षक शेजारी उभे असताना.

टप्पा सापडला की ट्रान्झिस्टर तपासा. बेस-एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट हवेत. एक व्होल्ट किंवा अधिक दिसला तर जंक्शन उघडे पडले आहे. कलेक्टर-एमिटरमध्ये जवळजवळ शून्य असेल तर शॉर्ट किंवा पूर्ण वाहता. पण ट्रान्झिस्टर उपसण्याआधी भिंग घेऊन कलेक्टरच्या लोड रेझिस्टरकडे बघा. हे एक-दोन वॅटचे रेझिस्टर वर्षानुवर्षे तापतात. त्यांच्याखाली पाटी तपकिरी होते, अंगावरच्या रंगाच्या पट्ट्या करपून लाल आणि नारिंगी एकसारखे दिसू लागतात, आणि मूल्य वाढत जाते. खालच्या बाजूला पायाभोवतीच्या टाक्यात केसाएवढी गोल चीर असते. रेषा वीस मिनिटांनी पळते, टपली मारली की परत येते, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा त्या चिरेत असते. जुने टिन पूर्ण शोषून काढून नवा टाका घाला. वरून नुसते टिन फासले तर तीच चीर सहा महिन्यांनी परत येते.

उष्णतेने येणारा दोष टाक्यांत नसेल तर इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, उच्च दाबाच्या भागापासून दूर राहून, एकेका ट्रान्झिस्टरच्या डोक्याला लावा. ज्याला लावल्यावर रेषा उडी मारते तो चोर. अल्कोहोल पेट घेते, म्हणून थेंब सांडतील इतके घेऊ नये.

बदली ट्रान्झिस्टर निवडताना मात्र फार चुका होतात. खणात बीसी ५४७ आणि एसएल १०० असतात, म्हणून तेच घातले जातात. बीसी ५४७ ला कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्टची; शंभर व्होल्टच्या टप्प्यात तो चालू करताक्षणी जाईल. प्रीॲम्प्लिफायरमध्ये तो टिकेल, रेषाही मध्यावर येईल, पण मूळ ट्रान्झिस्टर कमी कपॅसिटन्सचा, उच्च वारंवारतेचा असेल तर २० मेगाहर्ट्झचा स्कोप निम्म्यावर येऊ शकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. व्होल्टता, उच्च वारंवारतेची क्षमता आणि पायांचा क्रम तिन्ही जुळवा, आणि जोडीतला एकच गेला असला तरी दोन्ही एकाच बॅचचे, गेन सारखा मोजून घाला. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर इथे जुने भाग अजून मिळतात. दुकानातून घेतलेला प्रत्येक नग पाटीवर जाण्याआधी टेस्टरवर जावा.

एकाच चॅनेलचा दोष असेल तर पुष्कळदा तो अगदी तोंडाशी, इनपुटला असतो. इथे मल्टिमीटरची एक कसोटी फार बोलकी आहे. इनपुट डीसीवर ठेवून, स्कोप चालू असतानाच, बीएनसीच्या मधल्या पिनेचा चॅसिसशी रोध मोजा आणि व्होल्ट-पर-डिव्हिजनचा नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. प्रत्येक रेंजवर १ मेगओहम यायला हवा. स्कोप बंद असताना संरक्षक डायोड आणि एफईटीमधून थोडा प्रवाह निसटून वाचन कमी येऊ शकते, म्हणून चालू ठेवायचा. दहापट विभाजकात ९०० किलो-ओहम आणि १११ किलो-ओहम असतात. १११ ला पुढचा १ मेगओहम समांतर आला की १०० होतात, आणि ९०० मिळवून बरोबर १ मेगओहम. शंभरपट विभाजकात ९९० आणि १०.१ किलो-ओहम. त्यामुळे ज्या रेंजच्या गटात वाचन चुकते त्या गटाचा विभाजक सदोष. एखाद्या रेंजवर अनंत दाखवले तर स्विचचा संपर्क किंवा वरचा रेझिस्टर तुटलेला. हे रेझिस्टर एक टक्का किंवा त्याहून अचूक मेटल फिल्मचेच घालावेत.

स्विचबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. चांदीचा मुलामा काळा पडला की रेंज बदलताना रेषा थरथरते किंवा नाहीशी होते. त्यावर पॉलिश पेपर घासणे म्हणजे मुलामा कायमचा घालवणे. केरोसीन आणि गंज सोडवायचा स्प्रेही नको, त्यांचा तेलकट थर धूळ धरतो. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्काच्या चिमट्यातून हलके ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटते, ती उमटणे थांबेपर्यंत नवी पट्टी घ्या. मग नॉब पंधरा-वीस वेळा फिरवा. कोकणात पावसाळ्यानंतर स्विचच्या चकतीवर ओलसर बुरशीचा थर येतो आणि मेगओहमच्या सर्किटला तेवढी गळतीही भारी पडते. साफ करून स्कोप वापरण्याआधी पूर्ण कोरडा करावा.

एफईटीची गळती ओळखायची असेल तर काहीही न जोडता ५ मिलिव्होल्टवर स्विच ग्राउंडवरून डीसीवर न्या. रेषा हलता कामा नये. गेटमधून १ नॅनोॲम्पिअर गळत असेल तर १ मेगओहमवर १ मिलिव्होल्ट तयार होतो, म्हणजे घराचा पाचवा भाग. अर्धे घर किंवा जास्त सरकली तर एफईटी किंवा त्याचा संरक्षक डायोड दुखावला आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बीएफडब्ल्यू १० आणि ११ हे एफईटी सहज असतात, पण दोघांचा संतृप्त प्रवाह वेगळा: १० चा ८ ते २० मिलिॲम्पिअर, ११ चा ४ ते १०. मूळ भागाशी जुळणारा निवडावा आणि जोडी असेल तर प्रवाह मोजून सारखे दोन घ्यावेत, नाहीतर स्कोप तापेपर्यंत रेषा सरकत राहते.

हा एफईटी जातो कशाने? बहुतेक स्कोपच्या इनपुटवर कमाल मर्यादा छापलेली असते, ४०० व्होल्ट ही नेहमीची. २३० व्होल्टच्या मेन्सचे शिखर ३२५ व्होल्ट, पण दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टचे ५८७. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगात एससीआरच्या (थायरिस्टरच्या) सर्किटला प्रोब थेट लावला की हेच होते. त्याहून वाईट म्हणजे ग्राउंड क्लिप जिवंत बिंदूला लागते, फ्यूज उडतो, आणि ‘उपाय’ म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापली जाते. मग पूर्ण धातूचा सांगाडा मेन्सवर उभा राहतो आणि विद्यार्थ्याचा हात नॉबवर असतो. हे ताबडतोब थांबले पाहिजे. ज्या प्रयोगशाळेत अशी कापलेली पिन आहे तिथे आजच नवी थ्री-पिन लावावी. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्यायचा तो प्रयोगाच्या सर्किटला, स्कोपला नव्हे. जमिनीपासून वेगळ्या दोन बिंदूंमधले मोजायचे तर योग्य व्होल्टतेचे दोन दहापट प्रोब दोन बिंदूंवर, दोन्ही ग्राउंड क्लिपा मोकळ्या, चॅनेल दोन उलटा आणि बेरजेवर.

दुरुस्तीनंतर स्कोप अर्धा तास तापू द्यावा, मग कॅलिब्रेटर. आधी व्हेरिएबल नॉब कॅलच्या खाचेत बसला आहे ना ते बघा. गेन कमी असल्याच्या कितीतरी तक्रारी तिथेच संपतात. २ व्होल्टची चौकोनी लहर अर्ध्या व्होल्टच्या रेंजवर थेट वायरने चार घरे भरली पाहिजे. तीन टक्के हा या स्कोपचा नेहमीचा अचूकपणा, म्हणजे चार घरांत एक लहान रेघही न भरणारा फरक. सगळ्याच रेंजवर उंची सारखीच चुकत असेल तर गेनचा प्रीसेट (आतला जुळवणीचा स्क्रू) जुळवावा. काही रेंजवरच लहरीचे कोपरे गोल किंवा टोकदार येत असतील तर त्या विभाजकाचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा कॅपॅसिटर), प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने. वेगवान चौकोनी लहर मिळाली तर चढण्याचा काळही मोजावा: २० मेगाहर्ट्झच्या स्कोपला १७.५ नॅनोसेकंद. ३५ आले, तर बँडविड्थ १० मेगाहर्ट्झवर आली आहे आणि बदललेला ट्रान्झिस्टर पुन्हा पाहायला हवा.

खरोखर बाद करण्याजोगे स्कोपही असतात. नलिकेचे उत्सर्जन संपून ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही रेषा मिणमिणती राहते, पडदा जळालेला असतो, उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो, किंवा कंपनीची खास हायब्रिड चिप मेलेली असते आणि ती कुठेच मिळत नाही. असा स्कोप त्याच मॉडेलच्या दुसऱ्यासाठी सुट्या भागांचा म्हणून नोंदवून ठेवावा: ॲटेन्युएटर, स्विच, एफईटीची जोडी आणि नॉब सगळे कामाला येते. नलिका मात्र भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. तिच्यात निर्वात आहे, काच उडते, आणि काचेत शिसे असू शकते. ती ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावी.

आपला,
मापन-उपकरणे दुरुस्त करणारा एक वाचक, पुणे